नाताळच्या झाडाची रोषणाई: खेड्यातल्या घरासाठी दिव्यांची माळ कशी निवडावी

दिवाळी आटोपली की परतवाड्याच्या बाजारात उरलेल्या लाइटच्या माळा हातगाड्यांवर ढिगाने येतात, आणि डिसेंबर लागताच ज्या घरांत पहिल्यांदाच नाताळचे झाड उभे राहणार असते ती मंडळी त्या ढिगापुढे येऊन गोंधळतात. बहुतेक जण रंग पाहून माळ उचलतात आणि घरी आल्यावर ती अपुरी पडते, किंवा आठवड्याभरात अर्धी विझते. हा लेख अशा नवख्या घरांसाठी आहे. त्यात रंगाचा विचार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण आपल्याकडच्या घरात माळ किती टिकेल आणि लेकराबाळांच्या जिवाला तिच्यापासून धोका आहे की नाही, हे ती कोणत्या विजेवर चालते, कोणत्या सॉकेटमध्ये बसते आणि कोणत्या वस्तूशेजारी लोंबते यावर अवलंबून असते.

झाड कोणते आणि ते कुठे उभे राहणार

बाजारात जाण्यापूर्वी झाडाची जागा पक्की करावी. आपल्याकडे डोंगरी देशांतला फर किंवा स्प्रूस मिळत नाही, त्यामुळे घरोघरी वेगवेगळी झाडे दिसतात. कोणी प्लॅस्टिकचे घडीचे झाड आणतो, कोणी नर्सरीतून अरौकेरियाची कुंडी आणतो, कोणी अंगणातल्या मोरपंखीलाच सजवतो, तर कोणी सुरूची फांदी ओल्या वाळूच्या बादलीत रोवतो. गेल्या काही वर्षांत मी वेचणी संपलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झुडपांची, नाताळची झाडे करताना तरुण मुलांना पाहतो आहे. तीन-चार चांगल्या फांदीच्या पऱ्हाट्या एकत्र बांधायच्या, त्यांना पांढरा रंग द्यायचा आणि काही बोंडे तशीच फुटलेली ठेवायची. हे झाड दिसते फार सुंदर आणि ते आपल्या मातीतले आहे, म्हणून मला त्याचे मनापासून कौतुक आहे. परंतु वाळलेली पऱ्हाटी हे आपल्या चुलीचे सरपण आहे ही गोष्ट ते झाड सजवताना विसरता येत नाही. पऱ्हाटीच्या, तुराटीच्या किंवा सुकत चाललेल्या सुरूच्या झाडावर तारेच्या फिलामेंटचे, म्हणजे हाताला गरम लागणारे बल्ब कधीही लावू नयेत. तिथे फक्त एलईडी माळ, आणि तीही पुढे सांगितल्याप्रमाणे कमी व्होल्टची असावी.

जागेबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. डिसेंबर हा वऱ्हाडात घरात कापूस असण्याचा महिना आहे. भाव वाढेल या आशेने अनेक घरांत पुढच्या खोलीतच कापसाचा ढीग छतापर्यंत लागलेला असतो, आणि झाडही त्याच खोलीत ठेवायचे असते, कारण पाहुणे तिथेच बसतात. कापसाला लागलेली आग वरून विझल्यासारखी वाटली तरी ढिगाच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहते. त्यामुळे ज्या खोलीत कापूस आहे त्या खोलीत थेट सॉकेटवर चालणारी कोणतीही माळ लावू नये. झाड ओसरीत न्यावे किंवा सेलवर चालणारी छोटी माळ वापरावी. कुटार किंवा कडबा साठवलेल्या छपरीलाही हाच नियम लागू होतो.

सुतळीने माप घ्यावे

माळ किती लांब हवी हे अंदाजाने ठरवू नये. घरातली सुतळी घ्यावी, झाडाच्या बुंध्यापासून सुरुवात करून एक वेढा दुसऱ्यापासून सहा इंचांवर राहील अशा बेताने ती शेंड्यापर्यंत गुंडाळावी, मग उलगडून मोजावी. चार फुटी झाडाचा खालचा घेर साधारण अडीच फूट रुंद असेल तर ही सुतळी सुमारे ३१ फूट, म्हणजे साडेनऊ मीटर भरते. त्यासाठी १० मीटरची माळ पुरते. सहा फुटी झाड खाली साडेतीन फूट रुंद असेल तर सुतळी ६६ फुटांच्या आसपास जाते आणि २० मीटर माळ लागते. हे माप बाहेरून दिलेल्या वेढ्यांचे आहे; वायर फांद्यांच्या आत नेली तर माळ यापेक्षा जास्त लागते. झाडापासून सॉकेटपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. ते वेगळे मोजावे आणि माळेच्या पिनेपासून पहिल्या दिव्यापर्यंतची मोकळी वायर तेवढी आहे का, हे दुकानात पाहावे.

दोन दिव्यांमधले अंतर १० सेंटिमीटर असले तर १० मीटरच्या माळेत सुमारे १०० दिवे येतात. परदेशातले सजावट करणारे झाडाच्या प्रत्येक फूट उंचीमागे १०० छोटे दिवे असा दाट हिशेब सांगतात, त्यानुसार चार फुटी झाडाला ४०० दिवे होतील. माझ्या मते खेड्यातल्या घरात त्याच्या पाव भागातही झाड उजळून निघते, कारण बाहेर गल्लीत इतर दिव्यांचा लखलखाट नसतो आणि अंधार हा इथे रोषणाईचा सोबती असतो. पहिल्या वर्षी १०० दिव्यांची एक माळ घ्यावी; कमी वाटली तर पुढच्या वर्षी दुसरी जोडावी.

माळ कोणत्या विजेवर चालते

हा भाग कृपया सावकाश वाचावा.

बाजारातल्या माळा दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत पिनेनंतर प्लॅस्टिकची एक छोटी डबी येते, तिच्यावर चमचम बदलण्याचे बटण असते, आणि तिथून माळ सुरू होते. दुसऱ्या जातीत मोबाइलच्या चार्जरसारखा अडॅप्टर असतो आणि त्यावर आउटपुट म्हणून ५, १२, २४ किंवा ३१ व्होल्ट असे काही छापलेले असते. पहिल्या जातीची माळ शे-दीडशे रुपयांत मिळते म्हणून तिची विक्री जास्त होते. तिच्या डबीत सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो. दिवे एकामागे एक जोडून घरातली २३० व्होल्टची वीज त्यांच्यात वाटली जाते. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला २, आणि म्हणून अनेकांचा समज होतो की एवढ्याशा दिव्याच्या माळेला हात लागला तर काय होणार. ३ व्होल्ट हा त्या एका दिव्याच्या दोन टोकांमधला फरक आहे; जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र त्या माळेची सोललेली वायर म्हणजे थेट खांबावरून आलेली वीजच असते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. आमच्या घरी झाड आणले त्या पहिल्या वर्षी मी अशीच स्वस्त माळ ओसरीतल्या मोरपंखीच्या कुंडीला गुंडाळली होती. एका दिव्याच्या बुडाशी वायरीचे वेष्टण अर्धा इंच सरकले होते, आत तांबूस तारेचे दोन केस दिसत होते, आणि ते मला दिसूनही मी तिकडे लक्ष दिले नाही. सकाळीच आईने ओसरी शेणाने सारवली होती. ती अनवाणी पायांनी कुंडीला पाणी घालायला गेली आणि तिचा हात त्या जागी लागला. देवाच्या कृपेने हात झटकला गेला आणि ती मागे भिंतीवर आदळली, एवढ्यावर निभावले. ओली सारवलेली जमीन, अनवाणी पाय आणि पाणी घातलेली कुंडी या तिन्ही गोष्टी विजेला वाट करून देतात, आणि आपल्या घरांत त्या तिन्ही रोजच्याच आहेत.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की खेड्यातल्या घरासाठी अडॅप्टरची, कमी व्होल्टची माळच घ्यावी, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल. चांगल्या अडॅप्टरमध्ये घरातली वीज आणि माळेतली वीज यांचा थेट संबंध राहत नाही. त्याचा आणखी एक फायदा आपल्या भागात लगेच जाणवतो. डिसेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की अनेक गावांत व्होल्टेज खाली येते आणि थेट विजेवरच्या माळा मिणमिणू लागतात. मोटारी बंद होताच व्होल्टेज एकदम वर उसळते आणि त्यात अशा माळा जळतात. अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर तो हा चढउतार बराचसा स्वतःच पोटात घेतो आणि दिवे एकसारखे जळत राहतात.

थेट विजेची माळ आधीच घरात असेल आणि तीच वापरायची असेल, तर निदान एवढे पाळावे: झाड लेकरांच्या हाताबाहेर, कोरड्या जागी असावे, पाणी घालताना पिन काढलेली असावी, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, ज्याला गावातले वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. विजेचा झटका बसू लागताच तो पुरवठा तोडतो. धातूच्या झाडावर तर अशी माळ मुळीच लावू नये. अमेरिकेत १९६० च्या दशकात अॅल्युमिनियमची चकचकीत झाडे फार लोकप्रिय होती, आणि त्यांच्यावर विजेच्या माळा लावणे धोक्याचे असल्याने लोक जमिनीवर ठेवलेल्या दिव्यापुढे रंगीत प्लॅस्टिकचे चाक फिरवून लांबून प्रकाश टाकत. लोखंडी सळई वाकवून झाडाचा सांगाडा करणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

सॉकेट आणि पिन

आपल्याकडची एक सवय जाताजाता सांगतो, कारण ती अजून गेलेली नाही. माळेची पिन तुटली की वायरीची दोन टोके सोलून सॉकेटच्या भोकांत खुपसायची आणि ती निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकायच्या. काडी ही जळण्यासाठीच केलेली वस्तू आहे, आणि सैल टोकाशी ठिणगी पडतेच. पाच-दहा रुपयांची टू-पिन आणून वायरमनकडून जोडून घ्यावी. नव्या माळेच्या पिनेचे खिळेही कधीकधी इतके बारीक असतात की सॉकेटमध्ये ती डुगडुगते. अशी माळ दुकानातच परत द्यावी.

दुकानात काय पाहावे

माळ पेटवून दाखवायला सांगावे, आणि दुकानदाराला ते जड वाटले तरी दहा मिनिटे ती पेटती ठेवावी. तेवढ्या वेळात अडॅप्टर कोमट होणे ठीक आहे, हात ठेववत नसेल तर तो घेऊ नये. माळेचा एक पदर अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरून डावी-उजवीकडे झुलवावा. प्रकाशाची रेघ सलग दिसली तर माळ चांगली. तुटक ठिपके-ठिपके दिसले तर दिवे सेकंदाला पन्नास किंवा शंभर वेळा विझून पेटत आहेत आणि अशा प्रकाशात बराच वेळ बसल्यास डोळे दुखतात. मग दिव्याच्या बुडाशी वायर धरून हलकेच ताणावी आणि तिथे तार उघडी पडते का, हे पाहावे. आमच्या घरी चूक नेमकी इथेच झाली होती.

पाकिटावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्यासोबत आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही वाचावे. एलईडी माळांना ही नोंदणी लागते, पण हातगाडीवरच्या पुष्कळ माळांच्या पाकिटावर नुसते चित्र असते. बाहेर, अंगणातल्या झाडावर किंवा चर्चच्या दारावर माळ लावायची असेल तर आयपी हा आकडा पाहावा. आयपी २० म्हणजे फक्त घरात, आयपी ४४ म्हणजे उडालेले पाणी सोसणारी, आणि आयपी ६५ म्हणजे पाण्याची धार सोसणारी. डिसेंबरात पाऊस सहसा नसतो, परंतु पहाटेचे दव मोठे असते आणि अवकाळीचा भरवसा देता येत नाही, त्यामुळे बाहेर किमान ४४ असावा, आणि अडॅप्टर मात्र नेहमी घराच्या आतच ठेवावा.

वीजबिलाची चिंता पुष्कळ जण बोलून दाखवतात. ६ वॅटची एलईडी माळ १ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत रोज पाच तास लावली तर सगळी मिळून साधारण एक युनिट वीज जाते. याउलट पूर्वी मांडवाला लावत ते रंगीत झिरोचे बल्ब नावाला झिरो असले तरी एकेक बल्ब सुमारे १५ वॅट ओढतो. २० बल्बांची माळ तेवढेच दिवस लावली तर ५५ युनिटांवर जाते. कोणाच्या माळ्यावर त्या जुन्या माळा पडल्या असतील तर त्या झाडावर चढवू नयेत. त्यांची उष्णता प्लॅस्टिकची पाने वितळवते.

वीज गेल्यावर

रात्रीच्या उपासनेला निघण्याच्या वेळी वीज जाणे हे आपल्याकडे नवे नाही. बारीक तांब्याच्या तारेवर मण्यांसारखे दिवे असलेली, यूएसबीवर चालणारी माळ त्यासाठी फार उपयोगाची आहे. तिला ५ व्होल्ट पुरतात, आणि १० हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर अडीच वॅटची माळ दहा-बारा तास सहज चालते. तिची तार इतकी बारीक असते की पऱ्हाटीच्या काड्यांवर किंवा छोट्या कुंडीतल्या रोपावर ती दिवसा दिसतसुद्धा नाही. झाड तीन फुटांपर्यंत असेल तर दुसरी कोणतीही माळ न घेता हीच घ्यावी असे मी म्हणेन. गव्हाणीच्या देखाव्यात गवत असते, तिथेही हीच एक माळ योग्य आहे.

सौर माळ अंगणासाठी चांगली. आपल्याकडे डिसेंबरात आभाळ बहुधा निरभ्र असते, त्यामुळे ती नीट चार्ज होते, मात्र सूर्य या दिवसांत दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तिची पाटी दक्षिणेकडे तोंड करून, थोडी तिरपी लावावी. निंबाच्या सावलीत ठेवलेली पाटी संध्याकाळी तासाभरात दगा देते.

बटणावर आठ तऱ्हांची चमचम असलेली माळ घेताना, वीज जाऊन आल्यावर ती आधीच्याच तऱ्हेवर राहते की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे दुकानात पिन काढून-लावून तपासावे. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात दर वेळी उठून बटण दाबत बसणे जिवावर येते.

आता रंग

डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या झाडाला विजेचे ८० दिवे लावले, तेव्हा ते तांबडे, पांढरे आणि निळे होते. म्हणजे विजेच्या रोषणाईत रंगीत दिवे पहिल्या दिवसापासून आहेत, आणि रंगीबेरंगी माळ कमी दर्जाची असा जो समज शहरात दिसतो त्याला मी फारसा मान देत नाही. त्याआधी झाडावर मेणबत्त्या लावत, आणि पिवळसर वॉर्म व्हाइट माळ त्या मेणबत्तीच्या उजेडाची आठवण करून देते. पाकिटावर २७०० ते ३००० केल्विन असे छापलेले असेल तर तो हा उबदार पिवळा प्रकाश. ६००० किंवा ६५०० केल्विन असेल तर तो ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा. मातीच्या किंवा पिवळ्या चुन्याच्या भिंतीपुढे उबदार प्रकाश खुलतो, पांढऱ्या पऱ्हाटीवर निळसर प्रकाश गोठलेल्या दवासारखा दिसतो. हिरव्या झाडाला हिरव्या वायरीची आणि पांढऱ्याला पारदर्शक वायरीची माळ घ्यावी, नाहीतर दिवसा फक्त वायरीच दिसतात.

घरात कोणाला मिरगीचा त्रास असेल तर भरभर लुकलुकणारी तऱ्हा अजिबात लावू नये. तशा प्रकाशाने काहींना झटका येऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांनाही स्थिर किंवा सावकाश मंद-तेज होणारा प्रकाशच मानवतो.

झाडावर चढवताना आणि उतरवताना

माळ आधी जमिनीवर पसरून पेटवून पाहावी, मग बंद करून चढवावी. पिनेचे टोक खाली, सॉकेटच्या बाजूला ठेवून सुरुवात करावी. झाडाला नुसते बाहेरून वेढे दिले तर ते सुतळी गुंडाळलेल्या मोळीसारखे दिसते, म्हणून वायर प्रत्येक फांदीवरून आत खोडापर्यंत न्यावी आणि पुन्हा टोकाकडे आणावी. आतला दिवा बाहेरच्या पानांना मागून उजळतो आणि झाड भरगच्च वाटते. वायर फांदीला बांधण्यासाठी बाइंडिंगची तार वापरू नये, ती वेष्टण कापते. सुताचा दोरा पुरे. काम झाल्यावर खोलीतला दिवा घालवून, दहा पावले मागे जाऊन, डोळे अर्धवट मिटून झाडाकडे पाहावे. जिथे काळे खड्डे दिसतील तिथे माळ सरकवावी. रात्री निजण्यापूर्वी आणि सगळे घर चर्चला निघताना पिन काढावी.

अर्धी माळ अचानक विझली तर बहुधा एका रांगेतला एकच दिवा गेलेला असतो. तो काढून दोन तारा एकमेकींना पिळून टाकण्याचा उपाय करू नये, कारण मग उरलेल्या दिव्यांवर जास्त ताण येतो आणि उघडा सांधा मागे राहतो.

आमच्याकडे झाड ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. उतरवताना माळ ओढून काढू नये, शेंड्याकडून उलट्या क्रमाने सोडवावी आणि जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर, पिनेचे टोक बाहेर राहील अशी गुंडाळावी. घरात धान्य आणि कापूस म्हणजे उंदीर आलेच, आणि वायरीचे वेष्टण कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते. पुठ्ठ्यावर माळेची लांबी आणि घेतल्याचे वर्ष लिहून ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, आणि पुढच्या डिसेंबरात डबा उघडल्यावर पिन लावण्याआधी दिवसाउजेडी सगळी वायर एकदा बोटांतून फिरवून पाहावी.